दातांच्या तारा : उपचार चालू असताना आणि संपल्यानंतर

कोणत्याही कौटुंबिक समारंभात बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या घोळक्याकडे नजर टाकली, तर त्यांतील कोणाच्या तरी हसण्यातून तारांची चमक दिसतेच. एका पिढीपूर्वी हे दृश्य विरळ होते. वेडेवाकडे दात हे नशिबाचे देणे मानून लोक आयुष्य काढीत; फार तर मुलीच्या लग्नाच्या वेळी त्याची दबक्या आवाजात चर्चा होई. आज तालुक्याच्या गावीही ठरावीक वारी ऑर्थोडॉन्टिस्ट येऊन बसतात आणि आईवडील हा खर्च मुलांच्या शिक्षणाच्या खर्चाइतकाच आवश्यक मानतात. ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या उपचाराचे एक वैशिष्ट्य पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शस्त्रक्रियेत डॉक्टर सर्व काही करतात आणि रुग्ण पडून राहतो. येथे डॉक्टरांची भेट महिना-दीड महिन्यातून एकदा, तीही अर्ध्या तासाच्या आतली. उरलेले सर्व दिवस उपचार घरात चालू असतो. त्यामुळे दात सरळ होतील की नाही, आणि सरळ झालेले दात निरोगी राहतील की नाही, हे बऱ्याच अंशी घरातील शिस्तीवर ठरते.

प्रस्तुत लेखक दंतवैद्य नव्हे. बँकेतील नोकरीत आयुष्य गेलेला एक आजोबा आहे. दोन नातवंडांच्या उपचारांच्या निमित्ताने दवाखान्यातील प्रतीक्षाकक्षात बराच काळ गेला, डॉक्टरांना प्रश्न विचारता आले, काही वाचनही झाले. त्यातून जे हाती लागले, ते आपल्या घरांच्या राहणीला जोडून येथे मांडत आहे. आपल्या मुलाच्या बाबतीत अखेरचा शब्द अर्थातच त्याच्या डॉक्टरांचा.

दात सरकतो कसा?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ अस्तर असते. त्याची जाडी साधारण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी. दातावर सौम्य आणि सतत दाब दिला, की ज्या बाजूला दाब पडतो तेथील हाड हळूहळू विरघळते आणि मागे सुटलेल्या बाजूला नवे हाड तयार होते. अशा रीतीने दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. दाब वाढवला म्हणून वेग वाढत नाही; उलट अतिदाबाने मुळांना इजा होण्याचा संभव असतो. दीड ते दोन वर्षे लागतात ती यासाठी. ‘जरा लवकर आटपा, दिवाळीत घरात लग्न आहे,’ असा आग्रह डॉक्टरांकडे धरण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

दात सरळ करण्याची धडपड जुनी आहे. फ्रान्समधील पिएर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दातांना धातूची पट्टी बांधून ओळीत आणण्याची रीत वर्णिली आहे. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या विसंगतीचे जे वर्गीकरण केले, ते आजही वापरात आहे. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागे. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी सौम्य आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर पदार्थ चिकटवण्याची पद्धत दाखवली आणि त्यातून पुढे ब्रॅकेट थेट दातावर चिकटवणे शक्य झाले. निकेल-टायटॅनियमच्या लवचीक तारा आल्यावर उपचार अधिक सुसह्य झाला. भारतात या शाखेच्या तज्ज्ञांची इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ मध्ये स्थापन झाली. बीडीएस झाल्यानंतर तीन वर्षांचे एमडीएस केलेला तज्ज्ञ तो ऑर्थोडॉन्टिस्ट, एवढी खूणगाठ पालकांनी बांधावी आणि उपचारापूर्वी डॉक्टरांची पदवी निःसंकोचपणे विचारावी.

खरा धोका : पांढरे डाग

पालकांना सर्वांत मोठी भीती वेदनेची असते. वास्तविक नवी तार बसवल्यावरची ठणक दोन-चार दिवसांत ओसरते. खरा धोका आवाज न करता येतो. ब्रॅकेटभोवती अन्नकण आणि जिवाणूंचे चिकट कीटण साचते. आपण गोड किंवा पिष्टमय पदार्थ खाल्ला, की त्या कीटणातील जिवाणू आम्ल तयार करतात. आम्लता साधारण साडेपाच पीएचच्या खाली गेली, की दाताच्या कवचातून, म्हणजे एनॅमलमधून, खनिजे झिरपून बाहेर येऊ लागतात. लाळ हे आम्ल शमवते आणि गेलेली खनिजे काही प्रमाणात परत आणते. पण त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास निवांत मिळावा लागतो. दर अर्ध्या तासाने तोंडात काही ना काही पडत राहिले, तर लाळेला हे काम पुरे करताच येत नाही. मग ब्रॅकेटच्या कडेने खडूसारखे पांढरट डाग उमटतात. स्वच्छतेकडे दुर्लक्ष झाले, तर असा डाग अवघ्या चार आठवड्यांत दिसू शकतो. ब्रॅकेट निघाल्यावर दात सरळ असतात, पण प्रत्येक दातावर ब्रॅकेटच्या जागेभोवती पांढरी चौकट राहते. काही डाग पुढे फिके होतात. खोल गेलेले बहुधा कायम राहतात.

आमच्या नात्यातील एका मुलीचा अनुभव सांगण्याजोगा आहे. उपचाराला चौदा महिने झाले होते. दात सुरेख ओळीत येत होते आणि घरचे सर्वजण खूश होते. मात्र हिरड्या सुजून ब्रॅकेटवर चढल्या होत्या, ब्रश लावताच रक्त येई आणि पुढच्या चार दातांवर पांढरे पट्टे दिसू लागले होते. रक्त येते म्हणून ती हलकेच, वरवर घाशी. त्यामुळे सूज आणखी वाढे. दोन भेटींत समज देऊनही फरक पडला नाही, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी तार काढून ठेवली आणि उपचार तीन महिने थांबवला. त्यांनी वडिलांना सांगितले, ‘‘दात सरळ करून द्यायला मला अजून आठ महिने लागतील. हे असेच चालले, तर मी तुम्हाला सरळ पण किडलेले दात देईन. ते मला करायचे नाही.’’ वडिलांना प्रथम राग आला. हप्ते वेळेवर भरले होते. पण डॉक्टरांचे म्हणणे मुलीला पटले. आरशासमोर घड्याळ ठेवून तिने घासण्यास सुरुवात केली, हिरड्या पूर्ववत झाल्या आणि उपचारही पूर्ण झाला. दोन दातांवरील पुसट पट्टे मात्र राहिले आहेत. हिरडीतून रक्त येते ते बहुधा कीटण साचल्यामुळे. ते आल्यावर घासणे सोडायचे नसते, अधिक नीट घासायचे असते, हे त्या घराने त्यातून शिकून घेतले.

घासण्याची रीत

तारा असताना दात घासण्यास एरवीपेक्षा दुप्पट वेळ लागतो, हे आधीच गृहीत धरावे. मऊ केसांचा ब्रश घ्यावा. प्रथम पाण्याने जोरात चूळ भरून मोठे अन्नकण काढावेत. मग ब्रश हिरडीच्या रेषेशी तिरका, साधारण ४५ अंशांत धरून ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधील पट्टी घासावी. पांढरे डाग मुख्यतः याच पट्टीत पडतात. त्यानंतर ब्रश खालून वर तिरका धरून ब्रॅकेटची दुसरी कड, मग ब्रॅकेटचा दर्शनी भाग, आणि शेवटी दातांची आतली बाजू व चावण्याचा पृष्ठभाग, असा क्रम ठेवावा. तारेखालील जागेत साधा ब्रश पोहोचत नाही. त्यासाठी बाटली धुण्याच्या ब्रशाची चिमुकली आवृत्ती म्हणता येईल असा इंटरडेंटल ब्रश औषधांच्या दुकानात मिळतो. दोन दातांमधील फटीसाठी दिवसातून एकदा दोरा, म्हणजे फ्लॉस, वापरावा. तो तारेखालून ओवण्यासाठी प्लास्टिकची सुई मिळते. पाण्याच्या बारीक धारेने फटी धुणारे विजेचे उपकरणही आता बाजारात आहे. ते उपयोगी आहे, परंतु ब्रशाला पर्याय नव्हे.

टूथपेस्ट घेताना खोक्यावरील मजकूर वाचावा. एनॅमल टिकवण्यासाठी तारा असलेल्या मुलांना फ्लोराइडयुक्त पेस्टची विशेष गरज असते. आपल्याकडील काही वनौषधी पेस्टमध्ये फ्लोराइड नसते. पेस्ट गिळायची नाही. घासून झाल्यावर थुंकून टाकावी आणि लगेच भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर काही काळ टिकते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तेथील कुटुंबांनी पेस्टबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. क्लोरहेक्झिडिनचे माउथवॉश हिरड्यांच्या सुजेवर गुणकारी असले, तरी दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. म्हणून ते डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस वापरावे.

नीट घासले गेले की नाही, हे मुलांना पटवण्याचा एक सोपा उपाय आहे. कीटण रंगवणाऱ्या गोळ्या मिळतात. गोळी चघळून चूळ भरली, की जेथे कीटण उरले आहे तेवढीच जागा रंगीत दिसते. आठवड्यातून एकदा हा प्रयोग केला, तर आईला ओरडावे लागत नाही, आरसाच सांगतो.

फराळाचा डबा आणि दुकानाचा गल्ला

आपली बहुतेक घरे व्यापारी. दुकानात बसलेल्या मुलाच्या हाताशी शेव, चिवडा, शेंगदाणे, सुकामेवा असतो आणि ग्राहक कमी असताना हात आपोआप डब्याकडे जातो. तारा असलेल्या मुलाच्या दृष्टीने यात दोन अपाय आहेत. कडक पदार्थाने ब्रॅकेट निखळते, आणि वारंवार खाण्याने आम्लाचा हल्ला दिवसभर चालू राहतो. दुसरा अपाय पहिल्यापेक्षा मोठा आहे, कारण तो दिसत नाही. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच खाल्लेला पेढा दातांना तितका बाधत नाही, जितकी दुपारभर चघळलेली खडीसाखर बाधते.

पूर्णपणे वर्ज्य करावे असे पदार्थ थोडेच आहेत : चिक्की, सुपारी, बर्फ, कडक लाडू, ऊस, चिकट टॉफी, च्युइंगगम. संक्रांतीच्या तिळाच्या कडक वड्यांऐवजी मऊ लाडू करता येतात. पुष्कळ पदार्थ रूप बदलून खाता येतात. पेरू आणि सफरचंद चावून तोडण्याऐवजी फोडी करून मागच्या दाढांनी खावेत. मक्याचे कणीस न चावता दाणे सोलून घ्यावेत. बदाम भिजवून किंवा कुटून द्यावेत. खाकरा हा आपल्या घरांतील रोजचा पदार्थ. कडक खाकऱ्याच्या तुकड्यांनी ब्रॅकेट निघण्याच्या तक्रारी डॉक्टरांच्या परिचयाच्या आहेत. तो वरणात किंवा दुधात मोडून घातला, तर काही बिघडत नाही. सुखडी, शिरा, खिचडी, उपमा, इडली हे नवी तार बसवल्यानंतरच्या दोन दिवसांचे सोबती.

हळदीविषयी एक गोष्ट. ब्रॅकेटवर तार बांधून ठेवणाऱ्या चिमुकल्या रबरी कड्या पारदर्शक किंवा पांढऱ्या निवडल्या, तर आपल्या वरण-भाजीने त्या दोन दिवसांत पिवळ्या होतात. मुले हिरमुसतात. त्याने दातांना अपाय नसतो आणि पुढच्या भेटीत कड्या बदलतात. तरी सुरुवातीलाच राखी, निळा असा रंग निवडणे शहाणपणाचे.

व्रतनियम सांभाळताना

आपल्या घरांत हा प्रश्न नेहमी येतो आणि डॉक्टर दुसऱ्या समाजातील असले, तर त्यांना तो आपणच समजावून सांगावा लागतो. डॉक्टर सांगतात, ‘रात्री झोपताना दात घासा.’ चौविहार करणाऱ्या मुलाला सूर्यास्तानंतर पाणीही चालत नाही. त्याने सायंकाळचे जेवण आटोपताच, सूर्यास्तापूर्वी, दिवसातील सर्वांत काळजीपूर्वक ब्रशिंग करून घ्यावे. इंटरडेंटल ब्रश आणि फ्लॉसही त्याच वेळी. एरवी रात्री घासल्यावर पुन्हा काही खाऊ नये असे सांगावे लागते. येथे तो नियम आपोआप पाळला जातो आणि सकाळच्या नवकारशीपर्यंत दातांना विश्रांती मिळते. त्या दृष्टीने हा नियम दातांना अनुकूलच आहे. मात्र हिवाळ्यात सूर्यास्त लवकर होतो आणि दुकानातून किंवा शिकवणीतून येऊन घाईघाईत जेवण होते; घासणे राहून जाते ते अशा वेळी. जेवणाची वेळ दहा मिनिटे अलीकडे घेणे, एवढा बदल घरातील मोठ्यांच्या हाती आहे.

पर्युषणात किंवा अन्य वेळी उपवास करायचा असेल, तर त्याच्या आदल्या दिवशी नवी तार बसवून घेऊ नये. पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतात आणि उपवासात वेदनाशामक गोळी घेता येत नाही. डॉक्टरांना तारखा आधी सांगितल्या, तर ते भेट पुढेमागे करतात. उपवासात लाळ कमी होऊन तोंड कोरडे पडते. त्यामुळे उपवासाच्या आदल्या सायंकाळी दात स्वच्छ असणे अधिक महत्त्वाचे ठरते. आयंबिलात साखर नसते, हे दातांच्या पथ्यावरच पडते. पण त्यातील कडक भाजलेले पदार्थ तारांना सोसत नाहीत, तेव्हा शिजवलेले मऊ पदार्थ निवडावेत. ज्यांचा नियम दंतमंजनालाही प्रतिबंध करतो, त्यांनी त्या दिवसांत काय चालेल हे आपल्या गुरूंना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारून ठरवावे. पेस्टशिवाय कोरड्या मऊ ब्रशानेही कीटण बरेचसे निघते, हे त्या वेळी ध्यानात असू द्यावे.

तार टोचली, ब्रॅकेट निघाले

घरात चार वस्तू एका डबीत ठेवाव्यात : ऑर्थोडॉन्टिक मेण, लहान आरसा, स्वच्छ चिमटा आणि इंटरडेंटल ब्रश. गालाला ब्रॅकेट घासत असेल, तर ती जागा कोरडी करून मेणाची वाटाण्याएवढी गोळी त्यावर दाबावी. तोंड सोलवटले असेल, तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. मागच्या दाढेपाशी तारेचे टोक टोचत असेल, तर पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने ते हलकेच दाताकडे वळवावे. न वळल्यास मेण लावून डॉक्टरांना फोन करावा. ब्रॅकेट सुटून तारेवर लोंबकळत असेल, तर ओढून काढू नये. सुटा तुकडा हाती आला, तर पुडीत बांधून दवाखान्यात न्यावा. तुकडा गिळला गेला, तर तो बहुधा विनासायास पोटातून निघून जातो. पण खोकला किंवा घरघर सुरू झाली, श्वासाला त्रास झाला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

ब्रॅकेट निघाले असताना ‘पुढच्या तारखेला जाणारच आहोत’ असे म्हणून थांबू नये. त्या दातावरील ओढ थांबलेली असते आणि शेजारच्या दातांची चालू असते. उपचार लांबण्याचे हे एक मोठे कारण आहे. मुलगा क्रिकेट, कबड्डी किंवा कराटे खेळत असेल, तर तारांवर बसणारे माउथगार्ड मागून घ्यावे.

रबर आणि पारदर्शक साचे

वरच्या व खालच्या जबड्याचा मेळ बसवण्यासाठी काही महिने बारीक रबर लावण्यास सांगतात. ती बहुधा दिवसाचे वीस-बावीस तास लावायची आणि रोज बदलायची असतात, कारण ताणल्यावर त्यांची ओढ कमी होत जाते. एक दिवस लावली नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन-दोन लावणे घातक. या उपचारात थकलेला हप्ता दुपटीने भरता येत नाही.

तारांऐवजी पारदर्शक साचे, म्हणजे अलाइनर, घेतलेल्यांनाही वीस-बावीस तासांचा हाच नियम असतो. जेवताना ते काढायचे, दात घासायचे आणि पुन्हा बसवायचे. साचे तोंडात असताना साध्या पाण्याखेरीज काही पिऊ नये. चहा प्यायल्यास साचा पिवळा पडतो, आणि सरबत प्यायल्यास साखर दाताला साच्याच्या आत कोंडून ठेवली जाते. टपालाने साचे मागवून, डॉक्टरांना प्रत्यक्ष न दाखवता उपचार करण्याच्या मोहात पडू नये. मुळे आणि हाड क्ष-किरणाशिवाय दिसत नाहीत.

हिशेबाची बाजू

व्यवहारात मुरलेली आपली माणसे दवाखान्यात मात्र संकोचतात. उपचार सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. एकूण रकमेत क्ष-किरण, साचे आणि उपचारानंतरचे रिटेनर धरलेले आहेत का? ब्रॅकेट निघाल्यास वेगळे पैसे पडतात का? उपचार ठरलेल्या मुदतीपलीकडे लांबल्यास काय? रिटेनर हरवल्यास नवे कितीला? आणि मुलगा शिक्षणासाठी पुण्याला, लातूरला किंवा कोट्याला गेला, तर उपचार तेथील डॉक्टरांकडे सोपवताना कागदपत्रे आणि उरलेल्या रकमेचे काय होईल? दहावीनंतर मुले वसतिगृहात जातात, म्हणून हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. सुरुवातीचे फोटो, क्ष-किरण आणि दातांचे साचे यांची एक प्रत घरच्या फाइलीत असावी. आरोग्यविम्यात हा उपचार सामान्यतः धरलेला नसतो, हेही आधी पाहून घ्यावे.

खर्च आवाक्याबाहेर वाटला, तर शासकीय दंत महाविद्यालयांचा विचार जरूर करावा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासनाची, तर मुंबईत महापालिकेची नायर दंत महाविद्यालयासारखी रुग्णालये आहेत. तेथे अध्यापकांच्या देखरेखीखाली हा उपचार खासगी दवाखान्याच्या तुलनेत बऱ्याच कमी खर्चात होतो. वेळ जास्त मोडतो, हे खरे.

तारा निघाल्यावर

ज्या दिवशी तारा निघतात, त्या दिवशी घरात पेढे वाटले जातात आणि बहुतेक कुटुंबे उपचाराचे खाते बंद करून टाकतात. येथेच मोठे नुकसान होते. दात नव्या जागी आलेले असतात. पण भोवतालचे हाड अजून पक्के व्हायचे असते आणि हिरडीतील ताणले गेलेले तंतू दाताला जुन्या जागी ओढत असतात. हे तंतू स्थिरावण्यास वर्षभर लागू शकते. त्यापुढेही वाढत्या वयाबरोबर दात थोडे थोडे सरकत राहणे, हा शरीराचा स्वभावच आहे. ज्यांनी कधी तारा लावल्या नाहीत, त्यांचेही खालचे पुढचे दात चाळिशीत दाटीवाटीने उभे राहतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या रुग्णांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासले. रिटेनर सोडून दहा वर्षे झालेल्यांपैकी एक तृतीयांशाहून कमी लोकांचे खालचे पुढचे दात समाधानकारक ओळीत राहिले होते. वीस वर्षांनी हे प्रमाण दहांत एकावर आले. दोष अक्कलदाढांवर ढकलण्याची आपल्याकडे पद्धत आहे. परंतु पुढचे दात वाकडे होऊ नयेत एवढ्याच कारणासाठी निरोगी अक्कलदाढा काढण्याला आजचे दंतशास्त्र आधार देत नाही.

म्हणून रिटेनर. त्याचे तीन प्रकार प्रचारात आहेत. पहिला चार्ल्स हॉली यांच्या नावाने ओळखला जाणारा, टाळूला लागणारी प्लास्टिकची पट्टी आणि पुढे तार असलेला; तो मजबूत असतो आणि जुळवून घेता येतो. दुसरा पारदर्शक, दातांवर टोपीसारखा बसणारा. तो दिसत नाही, पण झिजतो व तडकतो. तिसरा कायमचा : पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस चिकटवलेली बारीक तार. ती लावण्याची आठवण ठेवावी लागत नाही. परंतु तिच्याभोवती कीटण साचते, म्हणून तिच्याखालून रोज फ्लॉस ओवावा लागतो. एखाद्या दातावरून ती सुटली, तर तो दात नकळत फिरतो. वर्षातून एकदा ती तपासून घेणे हाच त्यावर उपाय. काढता-घालता येणारे रिटेनर किती तास लावायचे, हे डॉक्टर ठरवतात. बहुधा सुरुवातीचे काही महिने जास्त वेळ आणि नंतर केवळ रात्री, असा क्रम असतो. ‘केव्हापर्यंत?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असे : जोवर दात सरळ राहावेत अशी इच्छा आहे, तोवर.

मुलींच्या बाबतीत विशेष लक्ष असावे. पंधराव्या वर्षी उपचार पूर्ण होतो, बारावीच्या गडबडीत रिटेनर मागे पडतो, वसतिगृहात डबी हरवते आणि लग्नाच्या फोटोंच्या वेळी दात पुन्हा सरकल्याचे ध्यानात येते. मग सहा महिन्यांसाठी पुन्हा तारा, पुन्हा खर्च. सासरी जाताना सामानाच्या यादीत रिटेनरची डबी आवर्जून असावी, आणि नव्या घरी ती संकोच न करता वापरता यावी, हे दोन्हीकडच्या मोठ्यांनी पाहावे.

रिटेनरची निगा

काढल्याबरोबर तो साध्या गार पाण्याने धुवावा आणि मऊ ब्रश व सौम्य द्रव साबणाने हलकेच घासावा. पारदर्शक रिटेनरला टूथपेस्ट लावू नये. तिच्यातील कणांमुळे ओरखडे पडतात आणि त्यांत जिवाणू घर करतात. आपल्या घरांत पाणी उकळून वापरण्याची रीत आहे. रिटेनर किंवा अलाइनर चुकूनही त्या गरम पाण्यात बुडवू नये. प्लास्टिक वाकते आणि मग ते दातांवर बसत नाही. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवल्यानेही हेच होते.

रिटेनर हरवण्याचे सर्वांत नेहमीचे ठिकाण म्हणजे जेवणाचे ताट. लग्नाच्या पंगतीत मुले तो काढून कागदी रुमालात गुंडाळतात आणि रुमाल ताटाबरोबर टोपलीत जातो. काढला की डबीत, हा एकच नियम पुरेसा आहे. डबी भडक रंगाची घ्यावी आणि तिच्यावर नाव व फोन नंबर लिहावा.

काही दिवस खंड पडल्यावर रिटेनर घट्ट वाटला, तर दात सरकू लागल्याची ती सूचना समजावी. तो पूर्ण बसत असेल, तर पुन्हा नियमित लावण्यास सुरुवात करावी. बसतच नसेल, तर जोर करू नये, आणि ‘आता काय उपयोग’ म्हणून कपाटात टाकूनही देऊ नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. थोडासा फरक नव्या रिटेनरने किंवा अल्प उपचाराने सावरता येतो, वर्षभरानंतरचा सावरत नाही.

हा अंक हाती असतानाच एक काम करता येईल. ज्या घरात मुलांचा किंवा मोठ्यांचा हा उपचार गेल्या काही वर्षांत झाला आहे, त्यांनी आज रात्री रिटेनरची डबी शोधून तो दातांवर बसतो का, हे पाहावे. चौविहार असेल, तर सायंकाळच्या ब्रशनंतर तो घालून ठेवता येईल. ज्यांचा उपचार अजून चालू आहे, त्यांनी मुलाला उजेडात उभे करून ब्रॅकेटच्या कडा पाहाव्यात. दात कोरडे केल्यावर खडूसारखा पांढरा पट्टा दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. या टप्प्यावर तो बहुधा थांबवता येतो.